पोफळीवरचा चातुर्मास

माझी बायको या शिमग्यानंतर गेली. लोक येतात, बसतात, विचारतात काय झालं होतं. मी सांगतो, म्हातारी झाली होती, गेली. मला गोड बोलता येत नाही, तिलाही येत नव्हतं. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, त्यात दुसरी दोनदा, तेव्हा लिहिण्यात चुका निघतील त्या निघोत. मला तिची एकच गोष्ट लिहायची आहे आणि ती उपासाची आहे. बाकीच्या गोष्टी माझ्याबरोबर जातील.

आमचं घर मालगुंडच्या अलीकडे, खाडीला लागून. माझा बाप पाडेली होता, मीही पाडेली. पाडेली म्हणजे माडावर, पोफळीवर चढून फळ उतरवणारा. माडाचं काम ताकदीचं, पण पोफळीचं काम वेगळं. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, पोटरीएवढं जाड आणि उंचीला माडाशी बरोबरी करणारं. प्रत्येक झाडावर खालून चढत बसलो तर आगर, म्हणजे सगळी बाग, उतरवायला वर्ष पुरणार नाही. म्हणून पाडेली एकावर चढतो, घोस कापतो, मग शेंड्याला मिठी मारून झाड हलवतो, झोका पुरेसा आला की पुढच्या पोफळीचा शेंडा धरतो आणि तिच्यावर जातो. असा ओळीच्या टोकापर्यंत वरच्या वर जातो. त्याला अंग हलकं लागतं. जड माणसाचं ते काम नाही.

आणि मी जड झालो होतो. लग्नानंतर काही वर्षं मी मुंबईला एका खानावळीत होतो. कणीक तिंबायची, भाकऱ्या थापायच्या, उरलेलं खायचं. दिवसभर चुलीपुढे, चालणं नाही, चढणं नाही. मी तिकडे असताना आमचा पहिला मुलगा तापानं गेला. तार आली तेव्हा बोट चुकली, मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. बायकोनं मला काही विचारलं नाही. नंतर मुलगी झाली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं की आता परत मुंबई नको. खानावळही तेव्हा बंद पडली आणि मी पोट घेऊन गावी आलो.

आगराच्या मालकानं मला अंगणात उभं करून वरपासून खालपर्यंत बघितलं. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याला आपल्या झाडांची काळजी. विहिरीकडच्या पोफळीवर त्यानं मला चढवून पाहिलं. अर्ध्यात गेलो तर झाड कमानीसारखं वाकलं आणि बुंध्यात करकर वाजलं. त्यानं खालूनच हाक मारली, "उतर बाबा. तू वर गेलास तर सुपारी नव्हे, पोफळच खाली येईल."

चार बायका विहिरीवर होत्या, त्या हसल्या. मालक म्हणाला, सुपारी पिकेपर्यंत थांबतो, तोवर अंग उतरव, नाहीतर मालगुंडचा पाडेली लावीन. दुसरा पाडेली लागला असता तर मला मुंबईशिवाय वाट नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि चुलीपुढे बसलेल्या बायकोलाही ठाऊक होतं.

तिनं मला कमी वाढायला सुरुवात केली. पण घरात आई होती. आईच्या मते मी मुंबईत राहून सुकलो होतो. माझ्या पोटाकडे बघून ती सुकलो म्हणायची. बायकोनं भात कमी वाढला की आई उठून वर दोन मुदी भात घालायची आणि सुनेला ऐकवायची, नवऱ्याला उपाशी मारून काय मिळवणार तू. रोज ताटावर भांडण. बायको गप्प बसायची. ती गप्प बसली की मला भीती वाटायची, कारण तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी शिजत असायचं.

आषाढी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, "चातुर्मास धारणं-पारणं धरा. देवाचं नाव घेतलं की सासूबाई ताट वाढणार नायत."

धारणं-पारणं म्हणजे एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी जेवण, परत उपास, परत जेवण. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, मध्ये सुटी नाही. आमच्याकडे हे म्हाताऱ्या बायका धरतात, जोडीला एखादा विधुर. तिशीतल्या पाडेल्यानं धरलेलं कुणी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो लोक हसतील. ती म्हणाली, विहिरीवर हसलेच ना, आता देवळात हसू देत.

एकादशीला देवळात भटजींनी माझ्या हातावर पाणी घालून संकल्प सोडला. मला वाटलं, पोट कमी करायला देवाला मध्ये घातलं, त्यात काय बिघडलं. आई मात्र कपाळ टेकून रडली. मुलाला सुबुद्धी झाली म्हणून.

पहिल्या धारण्याच्या दिवशी आईनं फराळ केला. वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, केळी, वर खोबऱ्याच्या वड्या. उपासाचं आहे म्हणजे ते अन्न नव्हे, असं तिचं पक्कं मत. दुपारी एकदा, दिवेलागणीला एकदा. मी जेवणाच्या दिवशी खात नव्हतो तेवढं उपासाच्या दिवशी खात होतो. बायको रोज माझ्या करगोट्यात बोट घालून बघायची. कमरेचा काळा दोरा तो, अंगात रुतून बसलेला. श्रावण लागला तरी बोट शिरेना.

एके दिवशी ती देवळातून आली आणि आईला म्हणाली, भटजी सांगतात पुरुषाचं धारणं निराहार, नुसतं पाणी आणि कोरा चहा, नाहीतर फळ मिळत नाही. भटजी तसं काही बोलले नव्हते. ती खोटं बोलली आणि चुलीकडे तोंड करून फुंकणी फुंकत बसली. आईनं वड्यांचा डबा मुलीपुढे ठेवला.

तिथून खरा उपास सुरू झाला. कुणी म्हणतं सवय होते. होते, पण सवय होईपर्यंत माणूस जनावर होतो. मी मुलीच्या हातातल्या भाकरीकडे बघायचो. शेजारी सुका बांगडा भाजला की घर सोडून खाडीवर जाऊन बसायचो. एकदा बायकोवर पाण्याचा तांब्या उचलला, फेकला नाही, पण उचलला. तिनं तो माझ्या हातातून घेऊन माझ्याच तोंडाला लावला. पारण्याच्या दिवशी कुळथाचं पिठलं आणि भात ती मोजून वाढायची आणि आई काही म्हणायला गेली की व्रताचं नाव पुढे करायची. गणपती आले तोवर करगोट्यात बोट शिरलं. पितृपक्षात दोन शिरली. मी परसातल्या पोफळीवर चढून बघायला लागलो. झाड वाकायचं, पण वाजायचं नाही.

नवरात्रात मालकानं परत बघितलं. विहिरीकडच्याच झाडावर. मी शेंड्यापर्यंत गेलो, झोका घेतला, शेजारच्या झाडावर गेलो आणि उतरलो. तो हसला नाही. दसऱ्यापासून ये म्हणाला, यंदा सुपारी लवकर पिकली आहे.

इथं सगळं संपायला हवं होतं. अंग उतरलं होतं, काम मिळालं होतं. पण संकल्प कार्तिकीपर्यंतचा होता आणि कार्तिकी अजून लांब होती. मी घरी येऊन म्हणालो, झालं, उद्यापासून जेवतो. आईच्या हातातून परात पडली. ती मुलीला उचलून देवापुढे जाऊन बसली. आधीचा नातू गेला तेव्हाही घरात काहीतरी चुकलं असणार, असं ती तिथून पुटपुटत होती. मी बायकोकडे बघितलं. वाटलं ती हसेल, देवाला मध्ये घालायची अक्कल तिचीच. पण तिचा चेहरा उतरला होता. तिनं पोर पुरलं होतं. माझ्या हातून व्रत मोडलं आणि मुलीला साधी शिंक आली, तरी त्या दोघी मला कधी माफ करणार नव्हत्या. मीही मला केलं नसतं.

म्हणून उपास चालू राहिला आणि कामही.

पारण्याच्या दिवशी ठीक गेलं. दुसऱ्या दिवशी धारणं. सकाळी कोरा चहा घेऊन आगरात गेलो. त्या वर्षी पाऊस रेंगाळला होता, बुंध्यांवर हिरवं शेवाळ. बायको खाली पडलेली सुपारी गोळा करायला आली होती. पहिली दोन झाडं झाली. तिसऱ्यावर घोस कापला, कोयती कमरेला खोचली, झोका द्यायला अंग मागे टाकलं आणि डोळ्यांपुढे काळं आलं. आधी कडा काळ्या झाल्या, मग सगळंच. मला झाड दिसेना, फक्त हातात लागत होतं. मी त्याला मिठी मारली. झाडाचा झोका चालूच होता, मला घेऊन इकडून तिकडे. खोचलेली कोयती निसटली. ती खाली पडल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला की मला वाटलं, आता मी पडणार तेव्हाही इतकाच लागेल.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर मी सुटलो असतो. ती बुंध्याशी आली, तळहात झाडाला लावला आणि बोलत राहिली. हळूच, ताटावर बोलते तशी. झाड थांबतंय म्हणाली. हात सोडू नका म्हणाली. मुलगी आईजवळ आहे, दुपारची पेज करून ठेवली आहे, असलंच काहीबाही. झाड थांबलं. माझे डोळे जरा उघडले. मी घसरत खाली आलो, छातीची सालं निघाली. खाली आल्यावर बुंध्याशीच बसलो. मालक माडाच्या ओळीत होता, त्यानं लांबून विचारलं काय झालं. बायकोनं सांगितलं, मुंग्या चावल्या. आंब्यावर मुंग्या असतात, पोफळीवर कुठल्या. तो ओळीतून जवळ आला. मग म्हणाला, उद्या आणखी मुंग्या लागल्या तर मी मालगुंडला निरोप धाडतो.

घरी येताना ती पुढे, मी मागे. माझ्या मनात हिशेब चालला होता. जेवलो तर मुलीचं काय होईल, उपाशी चढलो तर माझं काय होईल, नाही चढलो तर मुंबई.

दुसऱ्या दिवशी पारणं, म्हणून चढायला भीती नव्हती. मी संध्याकाळी आलो तर ती पायरीवर बसलेली. आई आत.

"भटजींकडे जाऊन आले," ती म्हणाली. "नवऱ्याचं व्रत बायकोनं पुरं केलं तरी चालतं. या वेळी खरंच विचारलं."

मी विचारलं, म्हणजे काय?

"म्हणजे उद्यापासून धारणं माझं. तुमी जेवा."

ती आधीच काडी. बांगडी हातात टिकायची नाही, दोरा गुंडाळून घालायची. घरातलं पाणी, भात कांडणं, मुलगी, वर आगरात वेचायला. मी म्हणालो, तुला काही झालं तर? आई आतून तेच म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आम्ही मायलेक एका बाजूला झालो.

"मी जमिनीवर असते," ती म्हणाली. "पडले तर तिथल्या तिथं पडेन."

पुढे तिच्याशी वाद घालता आला नाही. मी घातला, पण ती उठून दिवा लावायला गेली.

सकाळी तिनं माझ्यापुढे ताट ठेवलं. भात, कालवण, तळलेली दोन मांदेली. चातुर्मासात माझ्या ताटात मासा नव्हता. ती समोर चहाची वाटी घेऊन बसली.  मी ताट सरकवलं.

"उपाशी चढलात तर माझा उपास फुकट," ती म्हणाली. "जेवा."

मी जेवलो. ती शेवटचं शीत संपेपर्यंत उठली नाही.

आगरात मालक मुद्दाम विहिरीकडे बाकडं टाकून बसला होता. मी त्याच ओळीत लागलो. पहिलं झाड, दुसरं. तिसऱ्यावर, जिथं डोळे गेले होते, तिथं घोस कापला आणि खाली बघितलं. बघायचं नसतं, पण बघितलं. बायको वेचता वेचता बुंध्याला पाठ लावून बसली होती. टोपली कलंडलेली, डोकं गुडघ्यावर. माझ्या तळव्यांना घाम सुटला. पोफळीवर घामाचा हात म्हणजे तेल लावल्यासारखा. खाली उतरावं तर मालक बघतोय. न उतरावं तर ती.

मी तिला हाक मारली. नावानं नाही, नुसतं होऽऽ करून.

तिनं डोकं वर केलं. चेहरा पांढरा पडला होता. माझ्याकडे बघितलं, मग पदरानं तोंड पुसलं आणि हात उचलून मला पुढची पोफळ दाखवली, जशी लहान मुलाला वाट दाखवतात तशी. मी हात धोतराला पुसले, एक एक करून. झाड हलवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्या झोक्याला पुढचा शेंडा हाताशी आला, मी तो धरला आणि पलीकडे गेलो. मागची पोफळ सुटून सरळ झाली, तिची पानं वाजली. खाली ती टोपली सरळ करत होती.

कार्तिकीपर्यंत ती असंच करत राहिली. दोनदा घरात भिंत धरून उभी राहिलेली मी पाहिली. मालकानं मोसम संपल्यावर पुढच्या वर्षीची सुपारी माझ्याकडेच ठेवली, आणि मुंबईला मी परत गेलो नाही. द्वादशीला व्रत सुटलं तेव्हा मी हात धुऊन पाटावर बसलो होतो. आईनं पहिलं ताट वाढलं आणि माझ्यापुढून नेऊन सुनेपुढे ठेवलं.