वंशावळीत नसलेलं नाव

गोव्यात हरमलला आम्ही भाड्याने देतो त्या खोलीत सध्या एक अमेरिकन बाई राहतात. अमेरिका नुकती वसत होती त्या काळातल्या आपल्या एका पूर्वज बाईचं माहेर त्या इथे बसून लॅपटॉपवर शोधतायत. जुन्या कागदांत तिची नोंद फक्त ‘अमक्याची बायको’ एवढीच आहे.

"आमच्याकडे सगळं लिहिलेलं असतं," आज सकाळी चहा देताना मी ऐटीत म्हटलं आणि हॉलमधली फ्रेम केलेली वंशावळ दाखवली. सात पिढ्या. त्यांनी विचारलं, यात बायका कुठे आहेत?

एकही नव्हती. पंधरा वर्षं मी ती फ्रेम पुसतेय.

स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना विचारलं, "आई, तुमच्या सासूबाईंचं माहेरचं नाव काय होतं?"

"लग्नात तांदळात नवा नाव लिहिला, मगे जुना कोण घेता?"

"आणि तुमचं?"

नारळ खवता खवता त्यांनी हळूच एक नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं.

हे वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कोणी कधी हे विचारलंय का? आईंचं नाव मी इथे लिहिणार होते. लिहू का म्हणून त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "पयला घरात कोणीतरी त्या नावान हाक मारूदे."