शेवटच्या वळणावरचा ब्रेक

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी आमटीला फोडणी घालत होते. सलीमभाई म्हणजे नंदूदादाबरोबर बोटीवर नोकरी केलेले, आता मिरकरवाड्याला राहणारे त्याचे दोस्त. "सुमनताई, नंदूला दवाखान्यात आणलंय. वहिनींना घेऊन या... घाई करू नका आता," म्हणाले. त्या शेवटच्या वाक्यात सगळं कळलं. बंदरावर सुरमईचा भाव करता करता माझा हा मावसभाऊ खाली बसला तो उठलाच नाही. भाव करताना गेला हे त्याला शोभलं, असं मी नंतर विद्यावहिनीला म्हटलं, आणि त्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

दादा इंजिनरूममधला माणूस. लग्नानंतरच्या एका सफरीत त्याने सिंगापूरहून व्हिडिओ गेम आणला, गाड्यांच्या शर्यतीचा. मी म्हटलं, बायकोला साडी आणतात रे. पण खरं सांगायचं तर त्या गेमने त्यांचा संसार लावून दिला. कित्येक महिन्यांनी घरी आलेला नवरा आणि पोस्टातली नोकरी करून एकटीने घर सांभाळणारी बायको, दोघं पहिले काही दिवस एकमेकांशी बोलायला लाजायची. संध्याकाळचा चहा झाला की मात्र दोन रिमोट घेऊन पडद्यासमोर बसायची, भांडायची, आणि भांडता भांडता बोलायला लागायची. वहिनीच जिंकायची. दादा निवृत्त झाला तरी चहानंतरचा हा नेम सुटला नाही. कधीमधी तिसरा भिडू म्हणून मीही असायचे.

गेल्या वर्षी वहिनीला अर्धांगवायूचा सौम्य झटका आला. ती सावरली, पण डावा हात जड राहिला. त्यातच वळवाच्या विजेने जुना टीव्ही गेला. नव्या टीव्हीला त्या गेमच्या तीन रंगांच्या वायरी लागेनात, म्हणून मारुती मंदिरजवळच्या दुकानदाराने मध्ये जोडायला एक डबी दिली. चित्र आलं, पण न पुसलेल्या चष्म्यातून बघावं तसं. आणि वहिनीची गाडी प्रत्येक वळणावर भिंतीवर. "हात गेला माझा," म्हणून तिने रिमोट खाली ठेवला. डॉक्टरांनी दिलेला मऊ चेंडूही मग ती दाबेनाशी झाली.

"हात नाही गो, टीव्ही उशीर करतोय," दादा म्हणायचा. मला वाटलं, समजूत घालतोय. पण त्याने स्वतःच्या अंगठ्याचं आणि पडद्याचं एकत्र शूटिंग केलं आणि फोनवर संथ करून तिच्यापुढे धरलं. "बघ, मी दाबलं कधी, गाडी वळली कधी. मग माझापण हात गेला काय?" वहिनीने ते पुन्हा लावायला सांगितलं.

मग जुनं चित्र नव्या टीव्हीला नीट देणारी चांगली पेटी कुठली, याचा शोध सुरू झाला. आम्हाला दुसरा विषय उरला नाही. एक पेटी चित्र अगदी गुळगुळीत करणारी, पण ते आधी पूर्ण साठवून मग पुढे पाठवणारी. दुसरी, ओळ आली की लगेच पुढे ढकलणारी. तिच्यात चित्राचे चौकोन दिसायचे. मी म्हटलं, सुंदर दिसतं ते घे. "टोपली भरेपर्यंत मासा धरून ठेवणारीकडनं घेशील, का आला तसा देणारीकडनं?" त्याने विचारलं. सलीमभाईंच्या मुलाने दुबईहून दुसरी पेटी आणली. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या. "एवढा टीव्ही काय अर्धा बघायला घेतलास?" मी चिडवलं. "तिला होतं तसं दिसू दे," एवढंच म्हणाला.

वहिनीची गाडी वळायला लागली. चेंडूही टेबलाखालून बाहेर आला. आणि एका संध्याकाळी दादा आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी येऊन मला हाक मारून म्हणाला, "हरलो गो आज." पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. त्यानंतर तो वरचेवर हरत राहिला... अगदी शेवटच्या संध्याकाळपर्यंत.

परवा त्यांच्याकडे गेले तर टीव्ही चालू होता. दादाच्या खुर्चीत त्याचा रिमोट तसाच. "बस," वहिनी म्हणाली, "त्याच्या जागेवर बस. फक्त शेवटच्या वळणावर ब्रेक मारू नको हां."

"म्हणजे?"

"तो मारायचा. त्याला वाटायचं, मला कळत नाही. टीव्हीचा उशीर पेटीने काढला गो, हाताचा थोडा राहिलाय. तेवढा तो तिथे भरून काढायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"मी जिंकले की तो केवढा खूश व्हायचा..."

मला रडू आवरेना. डोळे पुसले आणि खेळायला लागले. शेवटचं वळण आलं तेव्हा अंगठा ब्रेकवर गेला होता, पण मी तो दाबला नाही. वहिनी हरली. तिने पडद्याकडे बघितलं, डावी मूठ दोनदा उघडली, मिटली.

"परत लाव," म्हणाली.