पुढच्या सायकलीची पिवळी पट्टी

लिफ्ट थांबल्याचा आवाज आला, पण त्यानंतर समोरच्या दारात किल्ली फिरल्याचा आवाज आलाच नाही. आमची दोन घरं समोरासमोर, मध्ये चार पावलांचा पॅसेज, त्यामुळं एकमेकांच्या कुलपांचे आवाजसुद्धा पाठ झालेले. मी दार उघडलं तर विलास स्वतःच्या दाराकडं पाठ करून माझ्या उंबऱ्यासमोर उभा होता. हॉस्पिटलमधून थेट आला होता, हातात सुलूच्या चपलांची पिशवी. "गेली," एवढंच म्हणाला. अशा वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. मी त्याला धीर द्यायचा, बसवायचं, पाणी द्यायचं, ते सोडून विचारलं, "घाबरली होती का रे?" तो म्हणाला, "शुद्धीवरच नव्हती ती, मेधा." बरं झालं, असं मी म्हणाले आणि तिथंच चपलांच्या कपाटावर बसले. त्याला माझा प्रश्न विचित्र वाटला असेल. सुलूला आणि मला तो वाटला नसता...

सुलू म्हणजे सुलक्षणा परब, सहकारी बँकेत कॅशियर, मूळची मालवणकडची, वाढलेली गिरणगावातल्या चाळीत, आणि विलासशी लग्न झाल्यावर बोरिवलीत येऊन माझ्यासमोर राहिलेली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली की बिल्डरचा माणूस फायली आवरायला घ्यायचा, अशी तिची जीभ. पन्नाशीला टेकल्यावर एके दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मला सायकल चालवायचीय. आणि तू यायचंस माझ्यासोबत." मी म्हटलं, गुडघे बघ आधी. ती म्हणाली, "गुडघ्यांसाठीच. पण एक सांगते, गाडी दिसेल त्या रस्त्यावर मी चालवणार नाही." आता बोरिवलीत गाडी न दिसणारा रस्ता कुठून आणायचा? एकच होता, नॅशनल पार्कातला, सकाळी कान्हेरीच्या गुंफांकडं जाणारा. म्हणजे नेमका तोच, ज्याच्या गेटाशी 'बिबट्याचा वावर आहे' असा बोर्ड लावलेला. मी जन्माची भित्री. पाल दिसली तर पलंगावर चढणारी बाई मी, आणि ही मला बिबट्याच्या अंगणात नेत होती.

तिची भीती काय होती ते मला पहिल्याच रविवारी कळलं. आमच्या गल्लीतून हायवेपर्यंत आणि पुलाखालून पार्काच्या गेटापर्यंत जेमतेम दहा मिनिटांचा रस्ता. पुलाखाली मागून एक डंपर आला, हॉर्न दिला, आणि सुलू सायकल टाकून दुभाजकाला अशी चिकटली की तिची बोटं सोडवायला मला वेळ लागला. ओठ पांढरे पडलेले. नंतर पार्कात तलावाकाठी बसल्यावर तिनं सांगितलं, आयुष्यात एकदाच सांगितलं. लहानपणी तिचा मोठा भाऊ तिला सायकल शिकवत होता. मागून सीट धरून पळायचा. शिकवून झाल्यावर तिला पुढं दांडीवर बसवून घरी आणताना टँकरनं उडवलं. ती फुटपाथवर पडली म्हणून वाचली. "दादानं अर्धीच शिकवलीन," ती म्हणाली. "अर्धी राहिलीय, ती शिकायचीय."

मग आम्ही आमचा तोडगा काढला. रस्त्यावर मी पुढं आणि ती मागं, जंगलात ती पुढं आणि मी मागं. माझी एक पिवळीधमक ओढणी फाडून पट्टी केली आणि ती पुढच्या सायकलीच्या कॅरिअरला बांधायची ठरली. मागचीनं ट्रककडं बघायचं नाही, झाडीकडं बघायचं नाही, फक्त पट्टीकडं बघायचं. गेटाशी आलो की थांबायचं, पट्टी माझ्या कॅरिअरवरून सोडून तिच्याला बांधायची, परत येताना उलट. पार्कातला तिकीटवाला हसायचा, "काय मॅडम, चार्ज दिला का?" वळणांसाठी वेगळा नियम होता. वळण घेतलं की पुढचीनं पाय थांबवायचे. मागचीला पट्टी दिसली की तिनं घंटी वाजवायची, आणि घंटी ऐकल्याशिवाय पुढचीनं हलायचं नाही. दोन प्रौढ बायका असल्या पोरखेळात रविवार घालवतात हे आमच्या घरच्यांना पटत नव्हतं, पण आम्हाला त्याशिवाय पॅडल मारता येत नव्हतं.

पार्क पुरेनासा झाला तसा सुलूनं कुठून कुठून बंद पडलेले रस्ते शोधायला सुरुवात केली. सह्याद्रीत असे बरेच आहेत. नवा घाट झाला, जुन्यावर दरड कोसळली, गाड्या बंद, आणि डांबरातून गवत वर आलेलं. आम्ही टेम्पोतून सायकली न्यायचो, खालच्या गावात एखाद्याच्या पडवीत मुक्काम करायचो आणि सकाळी चढायला लागायचो. त्यातला एक घाट मला अजून स्वप्नात दिसतो. पावसाळा नुकता सरला होता. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची कारवी आणि तिच्यावर गच्च झाडी, अशी की सकाळी नऊलाही खाली संध्याकाळ. गाडीचा आवाज नाही, माणसाचा नाही. सुलू खुशीत गुणगुणत होती, आणि मी पट्टीवर डोळे लावून पॅडल मारत होते. तेवढ्यात दरीतून ढग वर आला. बघता बघता रस्ता गेला, सुलू गेली, पिवळी पट्टी गेली. आणि माझ्या डाव्या हाताला, अगदी हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, कारवीत काहीतरी हललं. थांबलं. परत हललं, माझ्याच बरोबरीनं. मी उतरले. घंटीवर अंगठा होता तो दाबला जाईना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो त्या दिवशी माझ्या बाजूला उभा राहून श्वास घेत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

पुढच्या वळणावर घंटी आली नाही म्हणून सुलू परत फिरली. सायकल हातात धरून ती ढगातून बाहेर आली तेव्हा आधी मला तिचे बूट दिसले. मी नुसतं बोट दाखवलं. तिनं कारवीकडं जरा वेळ पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "असांदे. तेचा घर आसा ता." मग माझ्या मनगटाला धरून, "तू घाबरतंस कित्याक गो? पट्टीकडं बघायचं ठरलंय ना आपलं? जंगलाकडं बघायला कुणी सांगितलं तुला?" पुढचा सगळा चढ ती माझ्यापुढं हातभर अंतरावर सायकल ढकलत चालली. कारवीत काय होतं ते कधीच कळलं नाही. ती पुढं कितीतरी दिवस सगळ्यांना सांगायची, "माकड होतं गं, हिला बघून तेच घाबरलेलं." मी एकदा तिला विचारलं होतं, तुला जंगलाची भीती कशी वाटत नाही? म्हणाली, "इथला मारेल तर भुकेपोटी मारेल यार. तिथला मोबाईलवर बोलता बोलता मारतो."

यंदा तिच्या पोटात दुखायला लागलं. ॲसिडिटी म्हणून काही दिवस गेले, मग तपासण्या, मग डॉक्टरांनी विलासला एकट्याला आत बोलावलं. गाठ काढायचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या सकाळी सुलू हिरव्या गाऊनमध्ये, बांगड्या-मंगळसूत्र काढलेली, इतकी लहान दिसत होती... स्ट्रेचर निघालं तसं तिनं माझा हात धरला. तिची बोटं पुलाखालच्या दिवसासारखी गार. म्हणाली, "तू पुढं चल ना." विलासला कळेना. तो म्हणाला, "अगं, ती आहे बाजूला." "बाजूला नको. पुढं. दिसूंदे माका." मी स्ट्रेचरच्या पुढं जाऊन चालायला लागले. वॉर्डबॉय वैतागला, "ओ मॅडम, साइडला व्हा ना, लागेल तुम्हाला." मी झाले नाही. अंगावर त्या दिवशी निळी ओढणी होती. पिवळी का घातली नाही, हे मला अजून टोचतं. कॉरिडॉर वळला तिथं माझे पाय आपोआप थांबले. मागून चाकांचा आवाज आला, आणि मग स्ट्रेचरच्या लोखंडी दांडीवर बोटानं केलेली टकटक. पट्टी दिसली होती. मी पुढं निघाले.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मला थांबवलं. स्ट्रेचर माझ्या बाजूनं पुढं गेलं. जाताना सुलूनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "आता?" "मी आहे इथंच," असं काहीतरी म्हणाले. त्याचा काय उपयोग होता? इथं असून तिला मी दिसणार नव्हते. दार मिटलं. ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही, आणि तिसऱ्या दिवशी विलास चपलांची पिशवी घेऊन माझ्या दाराशी उभा राहिला.

मागच्या रविवारी मी सायकल काढली. पट्टी माझ्याच कॅरिअरला होती. आमच्या शेवटच्या फेरीत गेटाबाहेर पडताना सुलूनंच ती बांधली होती, तिची ती पोत्याला मारावी तशी घट्ट गाठ. पुलाखालून मी एकटी गेले, गेटाशी थांबले, आणि सवयीनं उतरून गाठीला हात घातला. सोडून बांधायची कुणाच्या सायकलीला? तिकीटवाल्यानं माझ्या मागं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि एकच तिकीट फाडलं. गाठ सुटणार नव्हतीच. मी तशीच आत शिरले. पहिल्यांदाच जंगलात माझ्या डोळ्यांपुढं पिवळं काही नव्हतं, नुसता रस्ता आणि दोन्हीकडची झाडी, आणि प्रत्येक पानामागं कुणीतरी. परत फिरावं असं दर पॅडलला वाटत होतं. मी पहिलं वळण घेतलं आणि पाय थांबले. मागं बघायचा धीर होईना. मी उभी राहिले, ती ज्या वळणांवर माझ्यासाठी उभी राहायची तशी, बराच वेळ. मग माझीच घंटी वाजवली आणि पुढं निघाले.