पंख्याखालचं प्लास्टिक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगून राहिलो — का, ते मलाच धड कळेना. थकलो असेन.

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हाची गोष्ट. एका क्लासच्या कॉम्प्युटर लॅबची देखभाल मी आणि रफिकभाई करायचो. काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. मे महिना. भूकंपानंतर बांधलेली पत्र्याची खोली. पोरं घामानं निथळत सराव परीक्षा द्यायची. रफिकभाईंना बघवेना — त्यांनी घरचा पाण्याचा कूलर आणून लावला.

त्याच आठवड्यात एक मशीन पेपर अर्ध्यावर आला की बंद पडायला लागलं. प्रोसेसर तापतोय, एवढं कळत होतं. पण का? त्याच्यावरचा पंखा तर नवा — नुकताच मीच बसवलेला. रॅम बदलली, विंडोज परत टाकली, धूळ झाडली. काही केल्या ऐकंना. क्लासचे सर वैतागले. म्हणाले, आज कारण सांगा, नाहीतर दुसरा माणूस बघतो.

दुपारी रफिकभाई नमाजला गेले, आणि मी पंखा काढला. प्रोसेसरवर टेकणाऱ्या खालच्या ठोकळ्याला कंपनीचं पातळ प्लास्टिक तसंच चिकटलेलं. बसवायच्या आधी सोलायचं असतं ते — मी सोललंच नव्हतं! मग उष्णता वर जाणार कशी? सोललं, पेस्ट लावली, मशीन सुरळीत चाललं. प्लास्टिक खिशात घातलं.

तेवढ्यात सर आले. कशानं होत होतं रे? — आणि मी काय बोललो? "कूलरच्या ओलीनं, सर. बाजूला केला, झालं नीट."

रफिकभाई दारात पोचले होते. त्यांनी कूलरकडं बघितलं, माझ्याकडं नाही. म्हणाले, "हाव सर, मीच ठेवला होता." सर नाही नाही ते बोलले, उद्यापासून येऊ नका म्हणाले. मी तिथंच उभा होतो. ते प्लास्टिक खिशात घेऊन. काम माझ्याकडं राहिलं, कितीतरी वर्षं.

परवा रफिकभाई अहमदपूरच्या स्टँडवर भेटले. चपलांचं दुकान हाय म्हणाले. आणि मशीनचं काम? "न्हाई रे बाबा, त्यानंतर कुणाचं मशीन उघडलंच न्हाई. आपल्याच हाताचा भरवसा उडाला. तू होता म्हणून पोरांचे पेपर तरी झाले."

मी त्यांनी पाजलेला चहा पिलो — आणि "हाव" म्हणालो.