रेजिस कोद्राँ यांची लुआर-स्वारी

पेरोनच्या एका रुग्णालयात रेजिस कोद्राँ यांनी सारी हयात भांडारपाल म्हणून काढली, आणि तिथे अंगी बाणलेला धर्म निवृत्तीनंतरही त्यांना सुटला नाही. एक वस्तू म्हणजे शून्य वस्तू. दोन असतील तरच एक आहे असे समजावे, हा तो धर्म. या सिद्धांताने रुग्णांचे नेमके काय भले झाले, हे सांगायला आजवर कुणी पुढे आलेले नाही. कोद्राँ यांच्या घरात मात्र दोन इस्त्र्या होत्या, दोन शिड्या होत्या, बर्फ ओढायची दोन फावडी होती. बायको तेवढी एकच होती, आणि तीही बहुधा कायदा आड आला म्हणून.

चार वर्षांपूर्वी त्यांनी मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-शिजवायची सोय असलेली गाडी, विकत घेतली. लुआर नदीकाठचे द्राक्षमळे आणि राजवाडे पाहायचे, असे तेव्हा ठरले होते. त्यानंतर शेजारची मांजर त्या गाडीखाली दोनदा व्याली, पण गाडी काही घरापुढून हलली नाही. पहिले वर्ष नकाशांत गेले. दुसरे वर्ष नदीचा उत्तर काठ आधी घ्यावा की दक्षिण, या वादात गेले. हा वाद कोद्राँ एकटेच आणि दोन्ही बाजूंनी घालत असत. तिसऱ्या वर्षी वाद मिटला, तर गाडीतल्या गादीखालची फळ्यांची मांडणी मनासारखी होईना. “अर्धवट आराखड्यानं निघतो तो सहलीला जात नाही, भरकटतो,” असे ते चिकोरीची कॉफी ढवळत म्हणत, आणि त्यांच्या बाबतीत भरकटण्याचा धोका खरोखरच शून्यावर आला होता.

त्यांची पत्नी सोलांज दहा वर्षांची असताना तिचा सारा वर्ग राजवाडे पाहायला गेला होता. नेमक्या त्याच आठवड्यात तिला गालगुंड झाले. मैत्रिणींनी परतताना शनोंसोचे चित्र आणून दिले. नदीवर आडवा बांधलेला तो पांढरा राजवाडा. त्याच्या खिडकीत उभे राहिले की पायांखालून पाणी वाहताना दिसते, असे मैत्रिणींनी तिला पुन्हापुन्हा सांगितले. त्या खिडकीत उभे राहावे, एवढी एकच इच्छा तिने पुढे आयुष्यभर बाळगली आणि फारशी बोलून दाखवली नाही. यंदाच्या वसंतात मात्र फ्लामिश, म्हणजे लीकच्या पातीचे सारण भरलेली भाजलेली पोळी, ताटात वाढता वाढता ती म्हणाली, “या उन्हाळ्यात मी शनोंसो पाहणार. तुझ्याबरोबर की तुझ्यावाचून, ते तू ठरव.” कोद्राँ यांना या वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला, आणि तो त्यांना फार आवडला.

कोद्राँ यांना स्वतःला राजवाड्यांचे सोयरसुतक नव्हते. त्यांचे सारे लक्ष फिर्मँवर होते. फिर्मँ हा त्यांच्या बहिणीचा नवरा. आदल्या वर्षी हा गृहस्थ एका खटारा गाडीतून, कसलाही आराखडा न करता, त्याच मुलखात हिंडून आला होता. तिकडचे वाईन करणारे शेतकरी आपल्या अंगणात गाडीवाल्यांना फुकट रात्र काढू देतात. मात्र सकाळी बाटल्या न घेता निघणे म्हणजे लग्नाला जेवून आहेर न करता परतण्यासारखे. फिर्मँने हा आहेर इतक्या ठिकाणी केला की शिनाँच्या वाईनच्या अठ्ठेचाळीस बाटल्या घेऊन तो परतला, आणि नाताळच्या पंगतीत पहिल्या कालवांपासून शेवटच्या चीजपर्यंत त्याच बढाया मारून त्याने सगळ्यांचे डोके खाल्ले. कोद्राँ यांनी गादीखाली साठ बाटल्यांची मांडणी करून घेतली, ती का, हे वेगळे सांगायला नको.

आता एकच कायदेशीर अडचण उरली होती. त्यांच्या परवान्यावर आणि त्या गाडीच्या नोंदणीवर, दोन्हीकडे मर्यादा साडेतीन टनांची. सुट्टीच्या शनिवारी पोलीस अशा गाड्या हेरून काट्यावर घालतात आणि जास्तीचे सामान रस्त्यावर उतरवायला लावतात. कोद्राँ यांच्यासारख्या माणसाला ही नामुष्की स्वप्नातही सोसली नसती. म्हणून जूनमधल्या एका सकाळी सारे सामान चढवून, सोलांजला शेजारी बसवून, ते गाडीसह सहकारी संस्थेच्या वजनकाट्यावर हजर झाले. शरदात बिटाचे आणि आता खतांचे ट्रेलर जिथे तोलले जातात, तोच हा काटा.

काट्याच्या खोलीत काटा सांभाळणारी गिलेन बसलेली होती.

“काय मस्यू कोद्राँ, बीट आणलंत की गहू?”

“सगळी तयारी आणलीय. फक्त वाईन यायची बाकी आहे.”

“मग ती राहिलीच म्हणायची. बरोब्बर साडेतीन भरलंय. आता वर एक पाव ठेवलात तरी पोलीस खूश होतील.”

कोद्राँ यांच्या कपाळावर आठी पडली. सोलांजने खिडकीतून मान बाहेर काढली.

“थोडं उतरवू या ना. दोन-दोन तंबू कशाला?”

“एक फाटला तर?”

“दोन शेगड्या?”

“एक बिघडली तर?”

“आणि या सहा खुर्च्या? आपण दोघंच तर आहोत.”

“मळेवाला बायकामुलांसकट गप्पा मारायला आला, तर त्यांना काय उभं ठेवायचं?”

“त्याच्याच अंगणात त्यालाच बस म्हणणार तुम्ही?” गिलेन म्हणाली. “धन्य आहे!”

कोद्राँ यांनी हे ऐकले नाही. त्यांना एक कल्पना सुचली होती.

“सोलांज, तू जरा खाली उतर बघू.”

ती उतरली.

“साठ किलोंनी कमी झालं,” गिलेनने सांगितले.

“आणखी मोठ्यानं सांग,” सोलांज म्हणाली. “मागच्या ट्रॅक्टरवाल्याला नीट ऐकू आलं नसेल.”

कोद्राँ मनात भागाकार करीत होते. बाटलीला सव्वा किलो धरले तर सोलांज म्हणजे अठ्ठेचाळीस बाटल्या. अठ्ठेचाळीस! म्हणजे फिर्मँएवढ्याच. त्यांचा चेहरा उतरला. मग पुन्हा उजळला.

“तुझी बॅगही काढ ना.”

तिने बॅग काढली. काटा आणखी खाली आला, आणि कोद्राँ यांच्या मुद्रेवर असे समाधान पसरले जे सोलांजने त्यांच्या लग्नाच्या दिवशीही पाहिले नव्हते.

“सुटलं कोडं! तू आगगाडीनं यायचं. सोळा तारखेला लुआरकाठच्या ब्लोआच्या स्टेशनवर उतरायचं, तिथं मी तुला घेईन. परतीलाही तसंच.”

“म्हणजे मला उतरवायचं आणि खुर्च्या न्यायच्या.”

“अगं, खुर्च्यांना आगगाडीत कोण घेतं?”

सोलांजने बॅग उचलली.  ती गिलेनच्या खिडकीशी गेली.

“बारा वाजले की बंद करतेस ना तू?”

“हो, जेवायला.”

“मला स्टेशनवर सोडशील?”

“सोलांज!” कोद्राँ ओरडले. “सोळा तारीख म्हणालो मी! आज दोन आहे!”

“बॅग उतरवलीच आहे,” ती म्हणाली. “पुन्हा कशाला चढवू? तुझ्या बाटल्या कमी होतील.”

ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवला. दुसऱ्याचा खोळंबा करणे कोद्राँ यांच्या नियमात बसत नसल्यामुळे त्यांनी आधी काटा मोकळा करून दिला. गाडी एका बाजूला नीट लावून ते वळले, तोवर ट्रॅक्टर तोलून झाला होता, बारा वाजले होते आणि दोघी गेलेल्या होत्या.

दोन दिवसांनी तिचा फोन आला.

“मी खिडकीत उभी आहे, रेजिस. खालून नदी चाललीय.”

“कुठल्या खिडकीत?”

“शनोंसोच्या.”

“पण शनोंसो आपल्याला अठराला पाहायचं होतं! आता अठराला मी काय करू?”

“तू पाहा. सुंदर आहे.”  मागे शाळेच्या पोरांचा गलका ऐकू येत होता. “मला इथून अडवून ठेवायला शिंच्याला एवढी वर्षं लागली. गालगुंडाला आठ दिवस पुरले होते.”

“शिंच्या कोण?” कोद्राँ यांनी विचारले, पण फोन बंद झाला होता.

गावात त्यांनी सांगितले की, पत्नीला आपण पुढच्या पाहणीसाठी धाडले आहे. मोठ्या मोहिमांत असे करावेच लागते. लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या आणि पाठ वळताच पोट धरून हसून घेतले. सहकारी संस्थेत गिलेनलाही त्यांनी हेच ऐकवले.

“असेल बाई,” ती म्हणाली. “पण परतीचं तिकीट तिनं काढलं नाही, हे ठाऊक आहे ना तुम्हाला? मी बाजूलाच उभी होते. तिकीटवाल्यानं दोनदा विचारलं, ती दोनदा नको म्हणाली.”

कोद्राँ एकदम पांढरेफटक पडले. गिलेनला त्यांची दया आली; आपण जरा जास्तच बोललो असे वाटून ती खुर्ची पुढे सरकवणार, तोच ते पुटपुटले,

“म्हणजे परतताना ती गाडीतूनच येणार!”

आणि ते लगबगीने घरी गेले. साठ किलो आणि वर एक बॅग: सगळा हिशेब नव्याने मांडायला हवा होता, आणि एवढ्या घाईत या उन्हाळ्यात निघणे आता शक्यच नव्हते.