टोपीचा मुक्काम

नवं घोंगडं अंगावर ओढलं की त्या लोकरीच्या वासानं मी धाराशिवच्या लेण्यात जाऊन पोचतो. निजामी अंमल होता. मी आणि माझा मित्र दामू, आम्ही दोघं विद्यार्थी, पायी भटकत हिवाळ्यातल्या एका सांजेला तिथं पोचलो. दामूनं मामाची साहेबी टोपी घातली होती. दगडी खोलीत एक धनगरीण व्यायला झालेल्या मेंढीपाशी बसली होती.

"आज इथं मुक्काम," दामू ऐटीत म्हणाला.

आमच्या लेखी मुक्काम म्हणजे सहल. तिच्या लेखी दौऱ्यावरचा अंमलदार. जागा सोडायची, वर कोंबडंही द्यायचं. काही न विचारता ती मेंढी उचलू लागली.

"हलवली तर मरंल, हुजूर. पर जातो आमी."

"मावशी, हुजूर न्हाय, शिकणारी पोरं हाओत आमी," मी म्हणालो.

"मग ही टोपी?"

दामूनं ती घाईघाईनं काढली. आम्ही हसलो. तिचं ते मुकाट उठणं मला दिसायला पुढं बरीच वर्षं लागली.

खांबांवरचं तांबूस ऊन विरत असताना कोकरू जन्मलं. तिनं ते पुसून टोपीत ठेवलं. पाय तेवढे बाहेर राहिले. मग सरकून तिनं आम्हांला आपल्या घोंगड्यावर जागा केली.

"आता करा मुक्काम," ती म्हणाली.