ब्रेकखालची चप्पल

आमच्या गाडीत बसताना चपला पायातच ठेवायच्या, असा घरचा नियम आहे. पाहुण्यांना तो उलटा वाटतो. ऐंशीच्या दशकात आमच्या भागात खासगी गाडी म्हणजे जवळजवळ घरच होतं. गावाकडचा माणूस गाडीच्या दाराशी आला की सवयीनं चपला काढायचा आणि दोन बोटांत धरून आत शिरायचा. अजूनही कुणी तसं करायला लागलं तर मी म्हणतो, "घाला, घाला पायात. या गाडीत कोणी अनवाणी बसत नाई." हे वाक्य मी आज ताठ मानेनं म्हणतो. पण ते म्हणायचा हक्क मला ज्या चुकीतून मिळाला, ती माझीच होती, आणि ती आधी सांगितली पाहिजे.

मी तेव्हा भद्रावतीला नोकरीला होतो. बायको तिथल्याच शाळेत शिकवायची. आई जाऊन बराच काळ झाला होता आणि वडील गोंडपिपरीकडच्या आमच्या गावात धानाची थोडी शेती करून एकटे राहायचे. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही दोघांनी एक जुनी गाडी घेतली. आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतून निघालेल्या माणसाची ती पहिली गाडी. त्या 'पहिली' शब्दानं माझं डोकं फिरलं. चालवायला नीट शिकण्याआधी मी गाडी सजवायला शिकलो. समोर छोटा पंखा बसवला. कॅसेट वाजवायचं यंत्र बसवलं. खिडक्यांना जांभळे पडदे, आरशाला प्लास्टिकच्या फुलांचा हार, पायाखाली लाल मॅट. बटणं आणि खुंट्या इतक्या झाल्या, की कुठली कशाची हे वाकून पाहिल्याशिवाय मला कळत नसे.

"हे गाडी होये का नवरदेव?" बायको म्हणाली.

मी हसलो. मला तेही कौतुकच वाटलं.

वडिलांना थोडे दिवस आमच्याकडे आणायचं म्हणून आम्ही गाडी गावात नेली. अख्खी वस्ती गोळा झाली. वडील धुतलेलं धोतर नेसून, हातात पिशवी घेऊन बाहेर आले. पायात टायरच्या चपला होत्या. ट्रकच्या जुन्या टायरचा तळ लावलेल्या, वीटभर जाड, वर्षानुवर्षं न झिजणाऱ्या. त्यांनी एक पाय गाडीत ठेवला आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, चपला काढा ना. मॅट नवीन हाये."

वडिलांनी पाय मागे घेतला, वाकून चपला काढल्या, हातात घेतल्या आणि आत बसले. चपला त्यांनी मांडीवर ठेवल्या, एखादं लहान मूल ठेवावं तशा. मी त्या घेऊन माझ्या सीटखाली सारल्या.

"डिक्कीत ठेवा ना," मागून बायको म्हणाली. मी तेव्हा कॅसेट निवडत होतो. तिचं बोलणं मी ऐकलं, पण ऐकलं नाही.

कोठारीच्या जंगलातून जाताना वडील गप्प होते. मला वाटलं, गाडी पाहून भारावले. म्हणून मी आणखी दाखवायला लागलो. पंखा त्यांच्याकडे वळवला. कॅसेटची एक बाजू संपली, ती उलटी करायला वाकलो. रस्ता उताराचा होता.

"समोर पाहा!" बायको ओरडली.

डावीकडच्या जंगलवाटेनं एक बंडी रस्त्यावर आली होती. ती बैलगाडी मला आधीच दिसायला हवी होती, पण त्या बाजूला माझा जांभळा पडदा होता. मी ब्रेक दाबला. पेडल थोडं खाली गेलं आणि कशावर तरी टेकून थांबलं. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. मी स्टिअरिंग फिरवलं, गाडी रस्ता सोडून नालीत उतरली आणि एका वारुळाला धडकून उभी राहिली. इंजिन बंद पडलं. गाणं मात्र चालूच होतं.

बैलांना काही झालं नव्हतं. बायकोलाही नाही. वडिलांच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. ते माझ्या पायांशी वाकले आणि त्यांनी ब्रेकखालून आपली चप्पल ओढून काढली. उतारावर ती घसरत पुढे आली होती.

बंडीवाला एव्हाना खिडकीशी आला होता. त्यानं चप्पल पाहिली, तिचा तळ पाहिला आणि म्हणाला, "साहेब, टायर गाडीच्या भाईर राह्यते जी. तुमी आत काऊन लावला?"

त्यानंच मग बैल जुंपून आमची गाडी नालीतून काढली. पहिली गाडी, आणि ती बैलांनी ओढली. पण माझं खरं पाणी उतरलं ते त्यानंतर. वडिलांनी चपला रस्त्यावर ठेवल्या, एकेक करून पायात घातल्या आणि पिशवी उचलली.

"मी वापस जातो गावाले. येष्टी भेटून जाईल."

"बाबा, बसा ना. आता हळू चालवतो."

"हळूचं नाई रे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हे मला अजून सलतं. "लहानपणी मालगुजाराच्या घरापुढून जातानी आमी चपला हातात घेत होतो. गल्ली संपली का घालत होतो. आपण बुद्धाचे झालो, तवा मी त्या गल्लीतून पह्यल्यांदा चपला घालून गेलो. अंगावर काठी आली, तरी काढल्या नाई." मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. "आज तुया मॅटसाठी काढल्या."

आणि ते कोठारीच्या बसथांब्याकडे चालू लागले. टायरच्या चपलांचा फटफट आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यानंतर ते आमच्याकडे आले, पण एसटीनं. स्टँडवर घ्यायला गाडी नेली तर गाडीशेजारून चालत घरापर्यंत यायचे. "चाल तू पुढे," एवढंच म्हणायचे. नातवंडं असती तर त्यांच्या हट्टानं बसले असते कदाचित. तीही नव्हती तेव्हा. मला रात्रंदिवस एकच वाटायचं: हा माणूस माझ्या गाडीत पुन्हा बसला पाहिजे. तो बसला नाही, तर मी शिकलो, नोकरीला लागलो, गाडी घेतली, यातल्या कशालाच अर्थ नव्हता.

मी गाडी विकायची भाषा केली. बायको भांडी ठेवता ठेवता म्हणाली, "इकून काय होते? गाडीनं म्हटलं का चपला काढा? गाडीनं म्हटलं का गाणं पलटव? तुमी चालवणं शिका."

मग मी सुरुवात केली. पडदे उतरवले. आरशाचा हार काढला, तेव्हा मागचा रस्ता पूर्ण दिसतो हे मला नव्यानंच कळलं. मॅट काढून न्हाणीच्या दाराशी टाकली. पंखा घरात आला, उन्हाळ्यात बायको वह्या तपासायला बसली की तिच्यापुढे फिरायचा. सीटखाली काहीही ठेवायचं नाही, पिशव्या डिक्कीत. किल्ली फिरवायच्या आधी सीट पुढे-मागे करून पाय ब्रेकवर पूर्ण पोचतो का ते पाहायचं, मग आरसा. कॅसेट यंत्र राहिलं, पण त्याचा ताबा बायकोकडे गेला. ती सोबत नसेल तर गाणं नाही. मला स्वतःला काही बदलावंसं वाटलं, तर गाडी कडेला घेऊन थांबायचं. चाक फिरत असेपर्यंत माझे हात माझे नव्हते.

आणि रविवारी परीक्षा. गाडी वसाहतीतल्या घरासमोर उभी, इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला. बायको माझाच दुपट्टा माझ्या डोळ्यांवर बांधायची आणि शेजारी बसून वर्गात हजेरी घ्यावी तशी नावं घ्यायची. "वायपर!" मी चोक ओढायचो. "दिवे!" मी वायपर फिरवायचो. "नापास," ती म्हणायची, आणि पुन्हा सुरू. शेजारची बाई एकदा कुंपणावरून म्हणाली, "अवो बाई, साहेबाले शिक्षा देऊन राह्यल्या का?"

"शिक्षा नाई, परीक्षा," बायको म्हणाली.

हळूहळू बोटांना ओळख पटली. वायपरची खुंटी गोल आणि खाचांची, चोकची गुळगुळीत, दिव्यांची जरा लांब. दिव्यांचा झोत खाली करायचं डिपरचं बटण क्लचच्या डावीकडे जमिनीवर होतं, ते पाय आपोआप शोधायला लागला. बघायची गरजच उरली नाही. जे काम हातांना येतं त्यासाठी डोळे रस्त्यावरून काढायचे नाहीत, एवढीच तर विद्या होती ती. मला ती फार उशिरा आली.

अशाच एका रविवारी डोळे बांधून बसलो होतो. बायकोचा आवाज थांबला. मग नाव आलं, पण दुसऱ्याच आवाजात.

"चोक."

मी हात नेला. बरोबर होता.

"डिपर."

पाय बरोबर गेला. वडील होते ते. नव्या तांदळाची पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं आले होते, आणि खिडकीशी उभं राहून, बायको कानात सांगेल ती नावं घेत होते.

"वायपर. हॉर्न. हातब्रेक."

सगळी बरोबर आली. नंतरचा प्रश्न त्यांना कुणी सांगितलेला नव्हता.

"अन् चपला कुठी ठेवावाच्या?"

"पायात," मी म्हणालो. डोळ्यांवर दुपट्टा होता ते बरं झालं.

ते आत जाऊन चहा प्याले, तांदूळ कसा उतरला ते सुनेला सांगत बसले. पण परत जायच्या दिवशी ते स्टँडकडे वळले नाहीत. पिशवी घेऊन गाडीच्या पुढच्या दाराशी येऊन उभे राहिले. "चाल, सोड मले घरी. पाहू." पिशवी बायकोनं डिक्कीत ठेवली. वडील टायरच्या चपलांसकट आत बसले आणि दोन्ही पाय पत्र्यावर घट्ट रोवले.

धानाच्या कापणीचे शेवटचे दिवस होते, तरी अवेळी भुरभुर पाऊस लागला होता. बल्लारपूर मागे टाकलं. कागद कारखान्याकडे जाणारे बांबूचे ट्रक समोरून येत होते. कोठारीच्या जंगलात, त्याच उताराच्या थोडं अलीकडे, एक ट्रक खड्ड्यातून गेला आणि लाल चिखलाचा पडदाच आमच्या काचेवर आपटला. समोरचं सगळं गेलं.

मी खाली पाहिलं नाही. हात गेला, खाचांची खुंटी सापडली, फिरली. पाय तोपर्यंत ब्रेकवर होता. वायपरनं एक अर्धवर्तुळ साफ केलं आणि त्यात धानाच्या पेंढ्यांनी लादलेली एक बंडी दिसली, रस्त्याच्या मधोमध, आमच्याच दिशेनं संथ चाललेली. मी ब्रेक दाबला. पेडल कशावरही न अडता खाली गेलं. गाडी बंडीमागे हातभर अंतर ठेवून उभी राहिली.

बंडीवाल्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत मागे पाहिलं आणि पुन्हा पुढे. त्याला काही झालंच नव्हतं. काहीच झालं नव्हतं! मला वाटलं, उतरून त्याच्या बैलांना मिठी मारावी.

वडिलांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "लागला," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"ब्रेक." मग थोड्या वेळानं, "तू तं पाह्यलं बी नाई. बटण कसं भेटलं तुले?"

"पास झाले, मामाजी," मागून माझी बायको सासऱ्यांना म्हणाली.

गावात आमच्या वस्तीकडे जायला दोन रस्ते आहेत. एक तलावाच्या पाळीवरून, एक मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदाराच्या गल्लीतून. मी नेहमी पाळीवरून जायचो. वडिलांनी हात वर केला. "इकडून."

गल्लीत गाडी जेमतेम मावत होती. मोठ्या घरापुढे ते म्हणाले, "थांबव." मी थांबलो, गिअर काढला, हातब्रेक ओढला.

"हॉर्न कुठी हाये?"

स्टिअरिंगच्या मधल्या कड्याकडे मी बोट दाखवलं. विनाकारण हॉर्न वाजवायचा नाही, हा बायकोचा नियम होता. मी मागे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "दाबा, मामाजी. कारण हाये."

वडिलांनी माझ्यासमोरून हात लांब करून तळवा कड्यावर ठेवला आणि दाबला. चांगला लांबलचक. गल्लीतल्या कोंबड्या उडाल्या. ओट्यावर वडिलांच्याच वयाचे, त्या घरचे एक गृहस्थ आले. "कोन होये?"

वडिलांनी दार उघडलं आणि एक पाय बाहेर टाकला. टायरची चप्पल गल्लीच्या फरशीवर फट्दिशी वाजली.

"मी होये. पोराच्या गाडीनं आलो."

ते गृहस्थ पायाकडे पाहत राहिले, मग गाडीकडे. "गाडी चांगली हाये," ते अखेरीस म्हणाले.

"पोरगा चालवते बी चांगली," वडील म्हणाले.

त्यांनी पाय आत घेतला, दार लावून घेतलं. मी हातब्रेक सोडला. गाडी हलली तसा त्यांचा हात पुन्हा हॉर्नकडे निघाला.

"मामाजी," मागून आवाज आला, "चालत्या गाडीत नाई."

वडील हसले. त्या गाडीत ते पहिल्यांदाच हसले. मग त्यांनी दोन्ही हात आपल्या मांडीवर ठेवले, जिथे मागच्या वेळी चपला होत्या.